बोबडे बोल : हसा, पण ऐकाही!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. खालापुरात सकाळपासून धार लागली होती. दवाखान्याच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग आणि बाकावर खोकणाऱ्या मुलांची रांग. आईच्या मांडीवर बसलेल्या चार वर्षांच्या एका मुलाला मी नेहमीप्रमाणे विचारले, "काय रे बाळा, काय होतंय?" अगदी गंभीर चेहऱ्याने तो म्हणाला, "काका, माझ्या छातीत मांजर शिरलंय. रात्री ते बोलतं."

बाकावरची मंडळी खो-खो हसली. आई बिचारी ओशाळली. म्हणाली, "डॉक्टर, मनावर घेऊ नका. चार दिवस हेच चाललंय त्याचं. याचे बाबा म्हणतात, मांजराला दूध ठेवू या!"

मी स्टेथोस्कोप छातीला लावला. मांजर खरोखरच बोलत होते! श्वास सोडताना बारीक सूं-सूं असा आवाज येत होता. छातीतल्या श्वासनलिका सुजून अरुंद झाल्या की हवा बाहेर पडताना अशी शिटी वाजते. घरात पावसाळी ओल, भिंतीला बुरशी आणि त्यात चुलीचा धूर, एवढे त्याला पुरेसे होते. मोठ्या माणसाने "धाप लागते" असे सांगितले असते. या पोराकडे तो शब्द नव्हता, मांजर मात्र होते. घरातले सगळे चार दिवस त्या मांजराला हसत होते आणि मूल चार दिवस आपला आजार सांगत होते.

वाचकहो, आज आपण मुलांच्या गमतीदार बोलण्याविषयी बोलणार आहोत. असे बोल प्रत्येक घरात असतात. पाहुणे आले की आपण ते कौतुकाने सांगतो, आणि सांगावेतही. पण त्या हसण्यात कधी कधी महत्त्वाची गोष्ट हातून निसटते. हे मी दुसऱ्यांना उपदेश म्हणून सांगत नाही. मी स्वतः ही चूक केलेली आहे.

माझी मुलगी चार वर्षांची असताना एकदा म्हणाली, "बाबा, माझी शू तिखट झाली." मी पोट धरून हसलो. शेजारी सत्यनारायणाची पूजा होती, तिथे चार लोकांत तो विनोद सांगितलाही. दुसऱ्या दिवशी ती शू करायला टाळाटाळ करू लागली. आम्हाला वाटले, खेळायच्या नादात आहे. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून सणसणून ताप भरला. लघवी तपासली तेव्हा त्यात पू निघाला. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग! जळजळ म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते, पण मिरची लागली की तोंडाचे काय होते ते ठाऊक होते. तिने अगदी अचूक वर्णन केले होते आणि ते ऐकणारा बाप डॉक्टर होता! औषधाने ती पूर्ण बरी झाली, आता तिला स्वतःची मुले आहेत. पण हा संसर्ग लहान मुलांत दुर्लक्षित राहिला किंवा वारंवार झाला, तर मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. त्या दिवसापासून मुलाच्या बोलण्याला हसून झाले की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "कुठे होतंय? हात लावून दाखव बरं."

मुले असे का बोलतात? त्यांच्याजवळ शब्द थोडे आणि अनुभव मात्र रोज नवे. मग ती जवळचा शब्द उचलतात आणि काम भागवतात. कान ठणकला की "कानात ढोल वाजतो". पायाला मुंग्या आल्या असे आजी म्हणाली, तर नातू वाकून मुंग्या शोधतो. एका मुलीने मला बजावले होते, "काका, पोटात कावळे आहेत का ते नीट बघा, आई म्हणते ते ओरडतात." आपल्या भाषेतले वाक्प्रचार आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यातला कावळा आपल्याला दिसत नाही. मुलाला तो दिसतो.

व्याकरणाच्या चुकांचेही तसेच. "मी करलं", "मी देलं", "बाबा जाला" असे सगळीच मराठी मुले कधी ना कधी म्हणतात. घरात तर कोणीच "करलं" म्हणत नाही, मग हे आले कुठून? पडणे-पडलं, बसणे-बसलं, हसणे-हसलं, यावरून मुलाने मनातल्या मनात नियम काढला आणि "करणे"ला लावला. ही पोपटपंची नव्हे, हा विचार आहे. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ साली हेच एका साध्या प्रयोगाने दाखवले. तिने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव "वग" असे सांगितले, आणि मग दोन प्राणी दाखवून आता काय म्हणाल असे विचारले. पूर्वी कधीच न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन लहान मुलांनीही बरोबर केले. तेव्हा "करलं" म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका, चिडवूही नका. "अरे वा, तू केलंस का? छान केलंस!" एवढे म्हणा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडते आणि अपमानही होत नाही.

लहान मुले आपले बोलणे शब्दशः घेतात, हे आणखी एका प्रसंगी जपावे लागते. एका घरात आजोबा वारले. मुलाला सांगितले, "आजोबा देवाघरी गेले." काही दिवसांनी सगळे महडला वरदविनायकाच्या दर्शनाला गेले, तर हा देवळात शिरताच विचारू लागला, "आजोबा कुठल्या खोलीत राहतात?" घरचे रडावे की हसावे या पेचात पडले. दुसऱ्या एका घरात "आजी झोपली, आता उठणार नाही" असे सांगितले होते. त्या घरातली पाच वर्षांची मुलगी रात्री डोळे मिटायलाच तयार होईना. आठ दिवस जागरण झाल्यावर तिला माझ्याकडे आणले. झोपले की उठायचे नाही, असा तिने अर्थ घेतला होता. आईने तिला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगितले, "आजीचं शरीर खूप आजारी होऊन बंद पडलं. ती परत येणार नाही. आपली झोप वेगळी, सकाळी आपण उठतो. आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत." दोन-तीन रात्रींत ती झोपू लागली. मृत्यू कायमचा असतो हे पाचेक वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना नीट उमगत नाही. ती पुन्हा पुन्हा तेच विचारतील. आपणही पुन्हा पुन्हा तेच खरे आणि सोपे उत्तर द्यावे.

कधी कधी मुलाचे बोल दुसऱ्याचाही आजार दाखवतात. आपल्या कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात, हे इथल्या पोरांना पाठ असते. असाच एक पाच वर्षांचा मुलगा आजीबरोबर स्थानकाचा पूल चढत होता. आजी तीनदा थांबली. घरी येऊन याने जाहीर केले, "आजीला मागून इंजिन लावायला पाहिजे." सगळे हसले, पण सुनेच्या डोक्यात ते राहिले. ती सासूबाईंना तपासायला घेऊन आली. रक्तातले हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघाले! बाई वर्षभर धापा टाकत होत्या आणि "वय झालं" म्हणून गप्प होत्या. नातवाला मात्र इंजिनाची गरज दिसली.

आता दुसरी बाजू. जे मूल गमतीदारच काय, काहीच बोलत नाही, त्याचे काय? अशा वेळी आपल्याकडे ठरलेले उत्तर असते : "याचा बापही उशिराच बोलला होता." मग वेखंड उगाळून चाटवायचे, नवस बोलायचे आणि वाट पाहायची. काही मुले उशिरा बोलून पुढे अगदी व्यवस्थित होतात, हे खरे. पण आपले मूल त्यातलेच आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. एका मुलाला अडीच वर्षांचे होईपर्यंत असेच थांबवून ठेवले होते. "ऐकायला येतं हो, दार वाजलं की बघतो," असे घरचे सांगत. तो पाहत होता तो दाराचा हादरा बसल्यावर. त्याला ऐकूच येत नव्हते.

म्हणून ढोबळ अंदाज लक्षात ठेवा. सहा ते नऊ महिन्यांत बाळ "बाबाबा, मामामा" अशी बडबड करते. वर्षाच्या सुमारास हाक मारली की वळते आणि एखादा अर्थाचा शब्द बोलते. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द येतात आणि "बाबा गेले", "दूध पाहिजे" अशी दोन शब्दांची वाक्ये होतात. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्या माणसालाही समजते. "र"चा "ल" होणे या वयात चालते. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान काही मुले काही काळ अडखळतात. त्यांना "नीट बोल" म्हणून दटावू नका, शांतपणे ऐका. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले तर दाखवा. मात्र आलेले शब्द बोलायचे थांबले, तर वय काहीही असो, लगेच तपासून घ्या.

जन्मतःच ऐकू न येण्याचे निदान आता बाळ बोलायच्या आधीच करता येते. पहिल्या महिन्यात कानाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्के निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचाराला सुरुवात, असे वेळापत्रक जगभर मानले जाते. भाषा शिकण्यासाठी पहिली वर्षे मोलाची असतात, म्हणून घाई. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात, त्यांच्याकडे शंका जरूर बोलून दाखवा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने दादर आणि तिथून वांद्रे, एवढाच प्रवास.

एक गैरसमज मात्र टाळायला हवा. आपल्या भागात कातकरी आणि ठाकर वाड्या पुष्कळ आहेत. एका अंगणवाडीत "हा मुका आहे" म्हणून एक मुलगा मला दाखवला. महिनाभर त्याने तोंड उघडले नव्हते. संध्याकाळी त्याच्या वाडीवर गेलो, तर हा आजीशी कातकरीत तोंडभर भांडत होता! वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर परमुलखी राहून आलेले मूल, अंगणवाडीतली मराठी त्याला परकी. ते मुके नव्हते, बुजले होते. मुलाचे बोलणे नेहमी त्याच्या घरच्या भाषेत जोखावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्याचा पायाच हा होता की मुलाच्या अंगणात जायचे आणि त्याच्या ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करायची.

घरी काय करावे? खर्चाचे काहीच नाही. जेवताना, भाजी निवडताना, नदीवर जाताना मुलाशी बोला. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. दोन वर्षांखालच्या मुलाच्या हातात मोबाइल देऊ नका. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी फार तर एक तास पडदा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. पडदा बोलतो, पण मुलाला उत्तर देत नाही. पाहुण्यांपुढे "ते परवाचं बोलून दाखव" असा आग्रह धरू नका, मुले लाजून गप्प होतात. आणि एक वही ठेवा. मूल जे वेगळे बोलेल ते तारीख घालून लिहा. पुढे वाचताना मौज येईल, आणि कधी डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर औषधाच्या चिठ्ठीइतकीच ती वही उपयोगी पडेल.

त्या मांजरवाल्या मुलाला मी नळकांडे लावून ओढायचा पंप दिला. "पंपाची सवय लागते" ही आईची भीती काढायला अर्धा तास गेला. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत आणि अगदी थोडे जाते, त्याचे व्यसन लागत नाही. चूल त्याच्या झोपायच्या जागेपासून दूर न्यायला सांगितली. पंधरा दिवसांनी तो स्वतःच उड्या मारत आत आला.

"काय रे, मांजर आहे का?"

"गेलं," तो म्हणाला. मग थोडा विचार करून हळूच विचारले, "काका, पावसात कुठे गेलं असेल ते?"

या वेळी बाकावरची मंडळी हसली, तेव्हा मीही मनसोक्त हसलो. छाती स्वच्छ होती.