नवरंग आला की भांडणंही येतात

जून उजाडला की सह्याद्रीत नवरंग येतो आणि आमच्या पक्षिप्रेमींच्या ग्रुपवर वाद पेटतो: मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून फोटो काढावा का?

मुद्दा साधा आहे. हे दिवस विणीचे. स्पीकरवरची ती दुहेरी शीळ ऐकून नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. चरणं सोडून तो उघड्यावर येतो, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. सकाळभर दहा जण हेच करत असतील तर? ‘संशोधकही कॉल वाजवतात’ हे खरंय, पण ते मोजकं आणि नोंदीसाठी.

घरट्याचा फोटो त्याहून वाईट. फ्रेममध्ये येणारं पान कापलं की ऊन आणि कावळा दोघांनाही वाट मोकळी.

अ‍ॅडमिन म्हणून आधी मी असे फोटो टाकणाऱ्यांना सगळ्यांदेखत झापायचो. दीडशे मेसेज, दोघे ग्रुप सोडून, आणि फोटो तिथेच! आता फोटो लगेच काढून टाकतो, कारण खासगीत सांगतो. घरट्याला सूट नाही, अगदी ज्येष्ठांनाही. ठिकाण फक्त तालुक्यापुरतं. पक्षिनोंदींचं संकेतस्थळ ई-बर्डसुद्धा संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा लपवून 20 किलोमीटरचा चौकोनच दाखवतं.

परवा फोटो काढून टाकल्यावर एका काकांनी विचारलं, “मग लाईक्सचं काय?”