मोहाचं फूल, सुरतेचा पेला

मार्च सरता सरता नंदुरबारकडच्या अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांत मोह रात्रीचा फुलतो, आणि उजाडायच्या सुमारास त्याची फिकट पिवळसर, मांसल फुलं झाडाखाली टपटपू लागतात. हातात घेतलं तर ते फूल वाटतच नाही, रसाने फुगलेलं इवलंसं फळ वाटतं. मोह आणि चिकू एकाच कुळातले, हे कळलं की या गोडीचं थोडं कोडं सुटतं. वाळल्यावर फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. झाड एवढी साखर उधळतं ते वटवाघळांसाठी. ती गोडीपायी येतात आणि जाताना परागकण दुसऱ्या झाडावर नेतात.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांत ही फुलं वेचून, वाळवून वर्षभर ठेवतात. ती खाण्यात येतात, बाजारात विकली जातात आणि त्यांची दारूही होते. इंदलसारख्या पूजेत, लग्नात, पाहुण्याच्या स्वागतात तिला जागा आहे. आधी देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडायची, मग प्यायची. इंग्रजांना या झाडाची एवढी धास्ती होती की १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे फुलं वेचणं, साठवणंच सरकारच्या मुठीत गेलं. महाराष्ट्राने वाळलेल्या मोहफुलांवरचे निर्बंध २०२१ मध्ये उठवले. घरी दारू गाळणं मात्र आजही गुन्हा आहे. हातभट्टीतली भेसळ जीव घेते, त्यामुळे या बाबतीत कायदा मोडण्याची हौस कोणी करू नये. आणि दारूने मोडलेली घरं या डोंगरांनी पाहिली आहेत. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात व्यसनमुक्तीची हाक दिली, तेव्हा हजारो आदिवासी त्यांच्या मागे गेले. पेल्याबद्दल लिहिताना तीही बाजू मला तितकीच खरी वाटते.

हे सगळं डोक्यात असताना जुन्या प्रवासवर्णनांकडे वळलं की नंदुरबार एकदम वेगळंच दिसू लागतं. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा मोगली काळातला मोठा रस्ता नवापूर-नंदुरबारवरून जायचा. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये नवापुरात थांबला आणि इथल्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं लिहून गेला. या रस्त्याच्या समुद्राकडच्या टोकाला, सुरतेत, १६३८ मध्ये मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी उतरला होता. तिथले इंग्रज व्यापारी काय पितात ते त्याने टिपून ठेवलं: कडक मद्य, लिंबाचा रस, साखर आणि गुलाबपाणी. पंच या पेयाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक. आज जगभरच्या बारमध्ये व्हिस्की सावर किंवा डायकिरी म्हणून जे देतात, त्याचा सांगाडा हाच आहे: एक कडक, एक आंबट, एक गोड आणि पाणी. न्यूयॉर्क-लंडनची समजली जाणारी ही विद्या तापीकाठी पावणेचारशे वर्षांपूर्वी रुळलेली होती, याचं मला अजून नवल वाटतं.

तो सांगाडा आज असा सांगतात: ६० मिली मद्य, साधारण २२ मिली लिंबाचा रस, तेवढाच साखरेचा पाक. घरी हे माप चोख पाळूनही पेय कधी डोळे मिटायला लावतं, कधी सरबतासारखं लागतं. माप चुकीचं नसतं, लिंबू वेगळं असतं. उन्हाळ्यातलं बारकं कागदी लिंबू आणि पावसाळ्यातलं रसाळ लिंबू यांची आंबटाई सारखी नसते. एकास एक पाक आणि दोनास एक पाक यांत तर साखरेचा फरक मोठाच. म्हणून आधी चव घ्यावी, मग अर्धा-अर्धा चमचा घालत जावं. चव घ्यायची तीही थंड झाल्यावरच, कारण थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते.

बर्फाचं काम तर याहून विलक्षण. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. तेवढ्या उष्णतेत ८० ग्रॅम पाणी एका अंशाने तापलं असतं. शून्य अंशावरचा बर्फ मद्याला शून्याच्याही खाली, उणे पाचच्या आसपास नेऊ शकतो. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो तेव्हा जे घडतं तेच इथे मद्यामुळे घडतं. या ओढाताणीत पेल्यात बरंच पाणी उतरतं, मूळ पेयाच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढं. ते पाणी कृतीतच धरलेलं असतं. म्हणून बर्फ न घालता फ्रीजमध्ये गार केलेलं तेच मिश्रण घशाला जाळतं.

जळजळ कशी होते, हे कळल्यावर मी थक्क झालो. जिभेवर आणि घशात उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. ते एरवी ४२ अंशांच्या आसपास जागे होतात. मद्य त्यांचा उंबरठा ३४ अंशांपर्यंत खाली आणतं, म्हणजे अंगाच्या स्वतःच्या उबेनेच ते पेटतात. आणि मिरचीतलं कॅप्सेसिन हेच ग्राहक छेडतं. नंदुरबारच्या मिरची बाजारात लाल मिरचीचे ढीग वाळत असतात, त्या तिखटाचा आणि मद्याच्या कडकपणाचा दरवाजा एकच! त्यामुळे पाकात वाळल्या मिरचीचा एक तुकडा दहा मिनिटं बुडवून काढला, तर कमी मद्याचं, किंवा मद्य नसलेलंही पेय कडक भासतं.

इथून पुढचा खेळ सगळा सातपुड्याच्या सामानावर होतो. मोहाची वाळकी फुलं धुऊन, आतले केसर काढून, पाण्यात उकळून गाळली आणि आटवली की तपकिरी, धुरकट वासाचा पाक होतो. फुलं भिजत ठेवून विसरू नयेत, उन्हाळ्यात ती लगेच आंबायला लागतात. या फुलातल्या साखरेत फ्रुक्टोज बरंच असतं, आणि फ्रुक्टोज थंड असताना नेहमीच्या साखरेपेक्षा गोड लागतं. बर्फाच्या पेयाला याहून सोयीची साखर कुठली? म्हणून पाक लिंबाएवढा न घालता थोडा कमीच घालावा.

आंबटासाठी आमचूर घ्यावं. धडगाव-मोलगीकडे उन्हाळ्यात बायका कैऱ्या सोलून, काप करून खडकांवर वाळवतात, त्याचंच हे. चमचाभर आमचूर गरम पाण्यात कालवून, निवळून वरचं पाणी घ्यायचं. लिंबातला आंबटपणा जवळजवळ सगळा सायट्रिक आम्लाचा, चटकन येऊन चटकन ओसरणारा. कैरीत त्याच्या जोडीला मॅलिक आम्लही असतं, ते जिभेवर रेंगाळतं. तेव्हा लिंबाच्या मापाने आमचुराचं पाणी घालू नये, निम्म्यापासून सुरुवात करावी. पेय कडवट वाटलं तर साखर वाढवण्याआधी मिठाचे चार कण घालून पाहावेत, कारण मीठ कडूपणा दाबतं आणि मागे लपलेली गोडी आपोआप पुढे येते. मांडेल्स्लोचं गुलाबपाणी हवं असेल तर ते सगळ्यात शेवटी, थेंबा-थेंबाने. मोहाचा वास त्याच्यापुढे लगेच माघार घेतो.