शंभर नव्हे, एकशे सोळा वर्षे

१४५३ हे साल आपल्या घरांतल्या मुलांना बहुधा ठाऊक असते. त्या वर्षी २९ मे रोजी सुलतान मुहम्मद फातेह यांनी कुस्तुंतुनिया जिंकले. त्यानंतर सातच आठवड्यांनी, १७ जुलैला, युरोपच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्समधील कास्तियों गावाजवळ आणखी एक लढाई झाली आणि इंग्लंड-फ्रान्सचे ‘शंभर वर्षांचे युद्ध’ संपले. दोन्ही ठिकाणी निकाल लावण्यात तोफांचा वाटा मोठा होता.

भांडण वारसाहक्काचे. १३२८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स मुलाविना वारला. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड त्याचा सख्खा भाचा. पण आईकडून आलेला हक्क फ्रेंच सरदारांनी मानला नाही आणि चुलतभाऊ फिलिपला गादीवर बसवले. फ्रान्समधील गियेन प्रांताचा ड्यूक या नात्याने एडवर्ड या नव्या राजाचा मांडलिकही होता! १३३७ मध्ये फिलिपने तो प्रांत जप्त केला आणि ठिणगी पडली.

सलग एकशे सोळा वर्षे कोणी लढले नाही. मधे तह झाले, १३४८ साली प्लेग आला. १३४६ मध्ये क्रेसीला इंग्लंडच्या साध्या तिरंदाजांनी चिलखतधारी सरदारांची फळी मोडली. १३५६ मध्ये तर खुद्द फ्रेंच राजा जॉन कैद झाला. खंडणी ठरली तीस लाख सुवर्णनाणी. ‘फ्रँक’ हे नाणे त्याच्या सुटकेच्या वेळचे, १३६० चे.

पैसा कोणी भरला? रयतेने. मिठावर कर, चुलीवर कर, शिवाय उभी पिके जाळत जाणारी फौज. १३५८ मध्ये फ्रान्सचे आणि १३८१ मध्ये इंग्लंडचे शेतकरी उठले. दोन्ही बंडे चिरडली गेली. पाठ्यपुस्तकात राजांची नावे पाठ करताना मुलांनी हेही वाचावे, असे मला वाटते.

या पैशानेच दोन्ही देशांची घडण वेगळी झाली. इंग्लंडच्या राजाला दर मोहिमेसाठी पार्लमेंटपुढे हात पसरावा लागे, त्यामुळे पार्लमेंटचे वजन वाढले. फ्रान्समध्ये उलटे. सातव्या चार्ल्सने कायमचा कर बसवला आणि १४४५ पासून कायमचे पगारी सैन्य उभे केले. सरदार दुबळे झाले, राजा बळकट.

भाषा शिकवणारी असल्याने मला सर्वांत मोलाची वाटते ती भाषेची गोष्ट. इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयांत तीनशे वर्षे फ्रेंच चालत असे. १३६२ मध्ये कायदा झाला, की खटल्यांत इंग्रजीत बोलावे, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत अशी, की तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्येच! पुढे पाचव्या हेन्रीने फ्रान्समधील मोहिमेवरून पत्रे पाठवली ती मात्र इंग्रजीत.

आणि जोन. खेड्यातली, जेमतेम सतरा वर्षांची मुलगी. १४२९ मध्ये ऑर्लेआंचा वेढा उठवण्यात ती पुढे होती. दोन वर्षांनी, ३० मे १४३१ रोजी, धर्मद्रोही ठरवून तिला रुआन येथे जिवंत जाळले. १४५६ मध्ये तो निवाडा रद्द झाला. १९२० मध्ये त्याच चर्चने तिला संत घोषित केले.

हरलेल्या इंग्लंडकडे फ्रान्सात उरले फक्त कॅले बंदर आणि त्याच्या आसपासचा मुलूख. १५५८ मध्ये तेही गेले. पण ‘फ्रान्सचा राजा’ हा किताब इंग्लंडच्या राजांनी १८०१ पर्यंत सोडला नाही.