टिकाऊ म्हणजे नेमकं काय? छोट्या विजेरीसाठी रिचार्जेबल सेल निवडताना



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस सेलवर काय बोलणार, अशी शंका कुणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. हा विषय मला सुचला तो एका चुकीतून, आणि चूक माझीच होती. तिथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, रात्री दोनचा सुमार, बाहेर धो धो पाऊस आणि लाइट गेलेली. माझी पत्नी पाणी प्यायला उठली. खणातली विजेरी काढून तिने बटण दाबलं, तर काहीच नाही. मग चाचपडत निघाली आणि स्टुलाला अडखळून पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. आता गंमत बघा, त्या विजेरीतले सेल जुने नव्हते की स्वस्तातले नव्हते. सगळ्यांत मोठा आकडा छापलेले रिचार्जेबल सेल मीच निवडून आणले होते आणि दिवाळीत पूर्ण चार्ज करून घातले होते. त्यानंतर विजेरी कुणी पेटवलीसुद्धा नव्हती. म्हणजे वापर शून्य, तरी सेल रिकामे. दुकानात मी एवढंच म्हणालो होतो, "टिकाऊ द्या." दुकानदाराने टिकाऊच दिले होते. त्या शब्दाचा त्याचा अर्थ वेगळा होता आणि माझी गरज वेगळी होती.

म्हणून आधी शब्द साफ करून घेऊ. मराठीत आपण टॉर्चलाच "बॅटरी" म्हणतो आणि तिच्यात घालतो तो "सेल". मी आज टॉर्चला विजेरी म्हणेन, म्हणजे घोळ होणार नाही. आणि "टिकाऊ" या शब्दाचे निदान तीन अर्थ आहेत. पहिला, एकदा चार्ज केल्यावर विजेरी किती तास चालते. दुसरा, चार्ज करून नुसता ठेवून दिला तर सेल किती महिने भरलेला राहतो. तिसरा, एकच सेल किती वेळा पुन्हा चार्ज करता येतो. हे तीन वेगळे गुण आहेत, आणि पुष्कळदा एक वाढवायला गेलं की दुसरा घटतो.

आधी पहिला अर्थ. सेलवर जो ठळक आकडा असतो, २००० किंवा २५०० मिलीअँपिअर-अवर, तो याच्याबद्दल बोलतो. विजेरी सेलमधून २०० मिलीअँपिअर प्रवाह ओढत असेल, तर २००० चा सेल साधारण १० तास पुरेल आणि २५०० चा साडेबारा. हिशेब सोपा आहे, आणि म्हणूनच आपण त्याला भुलतो.

दुसरा अर्थ मात्र वेष्टनावर क्वचितच ठळक असतो. भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो डबल-ए आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये बसतो तो बारीक ट्रिपल-ए, या मापांचे बहुतेक रिचार्जेबल सेल निकेल-मेटल हायड्राइड जातीचे असतात. या जातीचा जुना दोष असा, की सेल नुसता पडून असला तरी आतली रासायनिक क्रिया चालू राहते आणि चार्ज झिरपून जातो. साध्या सेलचा महिन्याला २० ते ३० टक्केही जाऊ शकतो. माठात पाणी भरून ठेवलं, कुणी प्यायलं नाही, तरी पातळी उतरते ना? तसंच. दिवाळी ते जुलै म्हणजे आठ महिने. मग माझ्या विजेरीत काय उरणार होतं?

यावर उपाय निघाला २००५ साली. जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने कमी झिरपणारे सेल बाजारात आणले. आज ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात आणि इतर कंपन्याही तसे सेल करतात. हे सेल वर्षभर ठेवले तरी ७० ते ८५ टक्के चार्ज राहतो. ओळखायचे कसे? वेष्टनावर "प्री-चार्ज्ड", "रेडी टू यूज" किंवा "लो सेल्फ-डिस्चार्ज" लिहिलेलं असतं. कारखान्यातून भरून निघालेला सेल दुकानातून तुमच्या हातात येईपर्यंत भरलेला राहतो, म्हणूनच त्यांना तसं लिहिता येतं.

तिसरा अर्थ पुनर्भरणाचा. एनेलूपचंच उदाहरण घ्या. २००० च्या आसपास क्षमतेचा साधा सेल सुमारे २१०० वेळा चार्ज होतो आणि २५०० चा "प्रो" सेल सुमारे ५०० वेळा, असा कंपनीचाच दावा अनेक वर्षे होता. क्षमतेत पाव भागाची भर, आणि आयुष्य चौथ्या हिश्शावर. मोठा आकडा फुकट मिळत नाही, तो असा.

तेव्हा प्रश्न "चांगला सेल कोणता" हा नाही. प्रश्न असा, की तुमची विजेरी खणात असते की हातात? रोज रात्री शेतावर पाणी द्यायला जाणाऱ्याला पहिला आणि तिसरा अर्थ महत्त्वाचा. आपल्यासारख्यांची विजेरी वर्षातले साडेतीनशे दिवस खणात पडून असते. आपल्याला दुसरा अर्थ हवा. मी तो विचारलाच नव्हता.

आता लिथियम-आयनकडे वळू. हे सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणले, आणि त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ताकद जास्त, झिरपणं कमी. पण एक धोका पक्का लक्षात ठेवा. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब घड्याळाच्या सेलसारखा असतो. साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट, निकेलच्या रिचार्जेबलचा १.२, आणि या १४५०० चा ३.७, पूर्ण भरला की ४.२. साध्या विजेरीत तो घातला तर दिवा क्षणात जळू शकतो. विजेरीच्या माहितीपत्रकात १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घाला. आणि निकेलच्या चार्जरमध्ये लिथियम सेल कधीही लावू नका, आग लागू शकते.

हल्ली १.५ व्होल्टचेच लिथियम सेल मिळतात, मोबाइलच्या वायरने चार्ज होणारे. सोयीचे आहेत. पण त्यांच्यावरचा आकडा नीट वाचा. तिथे बरेचदा मिलीअँपिअर-अवर नसून मिलीवॉट-अवर असतात. ३००० मिलीवॉट-अवर म्हणजे दीड व्होल्टला २००० मिलीअँपिअर-अवर. निकेलच्या २००० च्या सेलमध्ये १.२ व्होल्टने २४०० मिलीवॉट-अवर असतात. म्हणजे ३००० विरुद्ध २००० दिसलं, तरी खरा फरक दीडपटीचा नाही, सव्वापटीचा आहे. शिवाय हे सेल शेवटपर्यंत पूर्ण उजेड देतात आणि मग एकदम बंद पडतात, आधी मंद होऊन सूचना देत नाहीत.

आकड्यांवरून न्यायदर्शन आठवतं. शब्द हे प्रमाण आहे, पण सांगणारा आप्त हवा, म्हणजे जाणकार आणि खरं बोलणारा. बाजारात १८६५० या मापाचे जाडसर लिथियम सेल मिळतात, १८ मिलीमीटर जाड आणि ६५ लांब. या मापात चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. आणि अनोळखी सेलवर चक्क ९९०० छापलेलं असतं! तो छापणारा आप्त नव्हे. मग अनुमान वापरा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुमचा सेल तीसच ग्रॅम भरला, तर आत माल नाही हे उघड आहे.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, "एक जुना आणि एक नवा सेल एकत्र चालेल का?" नाही. दोन-तीन सेल एकामागे एक बसतात तेव्हा सर्वांतून प्रवाह एकच जातो. कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह रेटत राहतात. तो कायमचा खराब होतो. जोडी एकत्र घ्या, एकत्र चार्ज करा, सेलवर खरेदीची तारीख लिहा. शक्य असेल तर एकाच डबल-ए सेलवर चालणारी विजेरी घ्या, हा प्रश्नच उरत नाही.

चार्जरवर काटकसर करू नका. प्रत्येक सेल वेगळा तपासणारा आणि भरला की आपोआप थांबणारा चार्जर हवा. भिंतीत खुपसून रात्रभर ठेवायचे स्वस्त चार्जर सेल तापवून तापवून मारतात.

आणि भिंतीत लावून चार्ज होणाऱ्या त्या जुन्या पद्धतीच्या विजेऱ्या? त्यांत बहुधा शिशाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर थर धरतो आणि बॅटरी मरते. ती सहसा बदलताही येत नाही, म्हणजे विजेरीच फेकावी लागते.

आता सांगतो आमच्या घरी काय केलं ते. एका सेलवर चालणारी विजेरी, कमी झिरपणारे चार सेल, एक चांगला चार्जर. एक सेल विजेरीत, एक प्लास्टिकच्या डबीत राखीव, दोन वापरातले. खणातले दोन सेल वर्षातून दोनदा चार्ज करतो, पावसाच्या तोंडावर अक्षय्य तृतीयेला आणि नंतर दसऱ्याला. दसऱ्याला आपण हत्यारं-अवजारं पुजतोच, त्यात विजेरीही येते. आणि अक्षय्य तृतीयेचं म्हणाल तर अक्षय्य असं काही नसतं, पुन्हा भरावं लागतं, हे त्या दिवशी आठवलेलं बरं.

आज घरी गेल्यावर खणातली विजेरी काढा आणि बटण दाबा. पेटली तर उत्तम. नाही पेटली, तर दिवसाउजेडी कळलं म्हणून आनंद माना. आम्हाला ते रात्री दोन वाजता कळलं होतं.