चोवीस तासांचा दाब

व्यायाम पहाटेच करावा, हा आपल्याकडे इतका जुना आणि दृढ समज आहे की त्याविरुद्ध बोलणाऱ्याला आळशांचा वकील समजण्यात येते. तालमीतील जोर-बैठका काय, किंवा औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी घरोघर पोहोचविलेले सूर्यनमस्कार काय, सर्वांचीच सांगड उगवत्या सूर्याशी घातली गेल्यामुळे, ज्याला नोकरीपायी सायंकाळखेरीज सवड नाही, तो आपला व्यायाम दुय्यम प्रतीचा आहे असे मनोमन कबूल करूनच टेकडीची वाट धरतो. रक्तदाबापुरती तरी या फैसल्याची फेरतपासणी व्हावयास हवी. आणि औषधाचे प्रमाण ठरविण्यासाठी डॉक्टरांनी मला चोवीस तास दाब नोंदविणारे यंत्र, एकदा सकाळी फिरण्याच्या दिवशी व पुढे पुन्हा संध्याकाळी फिरण्याच्या दिवशी, बांधावयास सांगितले, तेव्हा ती संधी अनायासे चालून आली.

दंडावर कापडी पट्टा, त्यातून निघून मानेमागून खाली उतरणारी रबरी नळी, आणि तिच्या टोकाशी कमरेला अडकविलेली एक डबी, एवढाच या यंत्राचा सरंजाम. दिवसा दर वीस मिनिटांनी आणि रात्री त्याहून विरळ अंतराने डबीत घरघर सुरू होते, पट्टा फुगून दंड आवळून धरतो, रोहिणीतील प्रवाह क्षणभर खुंटतो. मग हवा टप्प्याटप्प्याने सुटू लागली की नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी पट्ट्यात उमटणाऱ्या सूक्ष्म कंपनांवरून वरचा व खालचा आकडा ठरतो. दंडाला बांधावयाचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढला, आणि त्याखालच्या रोहिणीतील ध्वनी ऐकून दाब मोजण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. तेव्हापासून दवाखान्यात खुर्चीवर बसवून घेतलेला एखादा आकडा हाच माणसाच्या दाबाचा दाखला मानला जात आला आहे.

पट्टा बांधणाऱ्या मुलीने ताकीद दिली होती, "काका, घरघर झाली की हात खाली सैल सोडा आणि गप्प उभे राहा, हात हलला तर आकडा येत नाही, मशीन परत फुगतं." पर्वतीच्या दगडी पायऱ्या चढताना या ताकिदीचा अर्थ कळला. मध्यावर डबी घरघरली, मी कडेला सरून हात लोंबता सोडून उभा राहिलो. तरीही धापा टाकणाऱ्या छातीबरोबर दंडही हलत असावा, कारण पट्टा सुटला, थोडे थांबला, आणि पहिल्याहून अधिक घट्ट आवळला गेला. श्रमात वरचा आकडा चढतो हे स्वाभाविकच आहे. खालचा मात्र चालण्यासारख्या व्यायामात फारसा हलत नाही, कारण राबणाऱ्या स्नायूंतील सूक्ष्म रोहिण्या त्याच वेळी रुंदावलेल्या असतात. श्वास कोंडून जड वजन उचलणाऱ्याचे दोन्ही आकडे उसळतात, ही गोष्ट वेगळी.

खरी गंमत व्यायाम थांबल्यावर सुरू होते. रुंदावलेल्या रोहिण्या लगेच पूर्ववत होत नाहीत; स्नायूंत स्रवणारे हिस्टामिन त्यांना सैल ठेवते, मज्जासंस्थेचा त्यांच्यावरील अंमलही काहीसा शिथिल होतो, आणि दाब व्यायामापूर्वीच्या पातळीखाली उतरून कित्येक तास तेथे राहू शकतो. माझ्या दोन्ही आलेखांत ही उतरण होती. परंतु सकाळची उतरण कचेरीची वेळ होईतो बुजून गेलेली, तर संध्याकाळची थेट रात्रीच्या उतरणीत मिसळून गेलेली दिसली.

याचे कारण असे की रक्तदाबाला स्वतःची भरती-ओहोटी आहे. झोपेत तो दिवसाच्या मानाने साधारणपणे १० ते २० टक्के उतरतो, जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो, आणि डोळे उघडून माणूस उभा राहताच कॉर्टिसॉल व ॲड्रेनलिन यांच्या जोरावर वेगाने वर जातो. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरांत अधिक येतात, त्यात या चढणीचाही हात असावा, असे मानण्यात येते. सकाळी व्यायामाने मिळालेल्या सवलतीला या चढणीविरुद्ध झगडावे लागते. सायंकाळनंतर निसर्गच तिच्या बाजूने उभा असतो.

मग संध्याकाळच श्रेष्ठ म्हणावी, तर तेही घाईचे ठरेल. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, औषध घेणाऱ्या पुरुषांनी आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, याप्रमाणे दहा आठवडे सायकल चालविली, तेव्हा दवाखान्यात मोजलेला दाब संध्याकाळच्या तुकडीचाच उतरला. उलट, अमेरिकेतील ॲपलाचियन स्टेट विद्यापीठातील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दाब सीमेवर असलेल्या मंडळींना सकाळी सात, दुपारी एक आणि सायंकाळी सात अशा निरनिराळ्या वेळी अर्धा तास चालविले, तेव्हा रात्रीचा दाब सकाळच्या चालण्यानंतरच अधिक उतरला आणि झोपही सुधारली. वरवर पाहता हे दोन साक्षीदार परस्परविरोधी जबानी देतात.  पण एकाने दहा आठवड्यांच्या सवयीचे फळ मोजले, दुसऱ्याने एकेका दिवसाचे. शिवाय दोन्हीकडे माणसे थोडी होती.

तेव्हा 'सकाळी चालू की संध्याकाळी' असे विचारणाऱ्याला प्रथम विचारावे, की तुमचा दाब अनावर होतो तो केव्हा. ज्यांचा रात्रीही उतरत नाही त्यांची अडचण निराळी, आणि ज्यांचा पहाटे उसळतो त्यांची निराळी. ती दवाखान्यातील एका आकड्यावरून उमगत नाही. एका दिवसाच्या व्यायामाचा गुण फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतो. म्हणून उत्तम मुहूर्ताच्या शोधात व्यायामच चुकविणारा सर्वांत तोट्यात राहतो. घरी दाब मोजणाऱ्यांनीही फिरून आल्याबरोबर उतरलेला आकडा टिपून तोच डॉक्टरांपुढे ठेवू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसून, रोज ठराविक वेळी मोजावे. आणि वहीत तारखेशेजारी वेळ, गोळी घेतल्याची नोंद व व्यायामाला किती तास लोटले हेही लिहावे. एवढे लिहिलेले असले, म्हणजे गोळी वाढवावी की चालण्याची वेळ बदलावी, याचा निर्णय डॉक्टरांना अंदाजावर सोडावा लागत नाही.