बॅकअपची डिस्क जोडताना

लग्नाचे शूटिंग असो की सेवा केंद्रातली कागदपत्रे, घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावातही ती जपायला बाहेरची हार्ड डिस्कच सोयीची. डिस्क जोडली की संगणक ती ‘माउंट’ करतो: विंडोजमध्ये तिला एक अक्षर मिळते, लिनक्समध्ये एक फोल्डर. लिनक्सवर खरा धोका इथेच आहे. डिस्क माउंट झाली नाही, तरी तो फोल्डर रिकामा उभा असू शकतो. मग ठरल्या वेळी आपोआप चालणारा बॅकअप संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरच लिहिला जातो आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. बॅकअपआधी ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा चालवून खात्री करावीच.

कॉपी पूर्ण झाल्याचे दिसले तरी काही भाग अजून मेमरीतच असू शकतो. तेवढ्यात वायर ओढली किंवा वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते. म्हणून आधी ‘इजेक्ट’, मग वायर. फॅट३२ फॉरमॅटच्या डिस्कवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. व्हिडिओसाठी एक्सफॅट घ्यावे.

रॅन्समवेअर (खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावते. काम झाले की डिस्क काढून ठेवा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा.