किफायतशीर शिकारी रायफल

किफायतशीर शिकारी रायफल म्हणजे हरीण, रानडुक्कर यांसारख्या मध्यम आकाराच्या प्राण्यांच्या कायदेशीर शिकारीसाठी बनवलेली आणि सामान्य उत्पन्नाच्या ग्राहकाला परवडणारी रायफल होय. हा वर्ग मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला. तेथील ग्रामीण भागांत शिकार हा केवळ छंद नसून अनेक कुटुंबांसाठी मांस मिळवण्याचा मार्गही आहे. २०२० च्या दशकात अशी नवी रायफल साधारणपणे ४०० ते ६०० डॉलरला मिळते, तर कारागिराने घडवलेल्या रायफलीची किंमत काही हजार डॉलरपर्यंत जाते. किमतीतील हा फरक प्रामुख्याने दस्ता, पृष्ठभागाची झिलई आणि हातकाम यांमुळे पडतो. अचूकतेतील फरक त्या प्रमाणात नसतो. त्यामुळे काटकसर कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हा अशा रायफलीच्या निवडीतील मुख्य प्रश्न ठरतो. चुकीच्या ठिकाणी केलेल्या काटकसरीमुळे प्राणी जखमी होऊन निसटू शकतो किंवा शिकाऱ्यालाच इजा होऊ शकते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील सामान्य शिकाऱ्याकडे बहुधा तरफेने काडतूस भरण्याची रायफल असे. जॉन ब्राउनिंग यांनी आराखडा केलेली विंचेस्टर कंपनीची मॉडेल १८९४ ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध रायफल होय. तिचे ७० लाखांहून अधिक नग तयार झाले. बोल्ट मागेपुढे सरकवून काडतूस भरण्याची पद्धत जर्मनीतील माउझर रायफलींमुळे रूढ झाली. १८९८ सालची माउझर रचना पुढील बहुतेक शिकारी रायफलींचा पाया ठरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर माउझर, ली-एनफील्ड आणि स्प्रिंगफील्ड या लष्करी रायफली मोठ्या संख्येने अतिरिक्त ठरल्या व अमेरिकेच्या बाजारात अल्प किमतीत आल्या. त्यांचा लाकडी दस्ता तासून, नळी आखूड करून आणि दुर्बीण बसवून त्या शिकारीसाठी वापरल्या जाऊ लागल्या. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या इटालियन लष्करी रायफलीने झाली. त्यानंतर शस्त्रविक्रीवरील निर्बंधांच्या मागणीने जोर धरला. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ग्राहकाला परराज्यातून टपालाने बंदूक मागवण्यास मनाई केली व लष्करी रायफलींची आयातही रोखली.

स्वस्त लष्करी रायफलींशी स्पर्धा करण्यासाठी अमेरिकी उत्पादकांना उत्पादनखर्च कमी करावा लागला. रेमिंग्टन कंपनीने १९४८ मध्ये मॉडेल ७२१ व ७२२ बाजारात आणल्या. त्यांचा मुख्य पोलादी सांगाडा गोल आकाराचा असल्याने तो यंत्रावर कातणे सोपे होते. याच रचनेतून १९६२ मध्ये मॉडेल ७०० तयार झाली. सॅव्हेज कंपनीची मॉडेल ११० ही निकोलस ब्रूअर यांनी आराखडा केलेली रायफल १९५८ मध्ये आली.

खर्च कमी करण्याचा प्रत्येक प्रयत्न ग्राहकांना पसंत पडला असे नाही. विंचेस्टरने १९३६ पासून बनत असलेल्या मॉडेल ७० मध्ये १९६४ साली बदल केले. काडतूस पकडून ठेवणारी जुनी यंत्रणा काढण्यात आली आणि दस्त्यावरील हाताने कोरलेल्या नक्षीच्या जागी दाबून उठवलेली नक्षी आली. शिकाऱ्यांनी या बदलांवर नाराजी व्यक्त केली व १९६४ पूर्वीच्या नगांचे भाव वापरलेल्या मालाच्या बाजारात चढले. याउलट १९६७ ते १९८३ या काळात निघालेली रेमिंग्टन ७८८ ही दिसायला ओबडधोबड रायफल तिच्या अचूकतेमुळे नावाजली गेली.

एकविसाव्या शतकात या वर्गात स्पर्धा वाढली. सॅव्हेज कंपनीची २०१० मध्ये एज या नावाने आलेली व पुढे ॲक्सिस या नावाने विकली गेलेली रायफल, तसेच २०१२ मध्ये विक्रीस आलेली रूगर अमेरिकन ही या वर्गाची ठळक उदाहरणे आहेत.

किंमत कमी कशी होते

रायफलीतील सर्वांत काटेकोर काम म्हणजे बोल्टचा पुढचा भाग आणि काडतुसाचा तळ यांच्यातील अंतर ठरवणे. हे अंतर जास्त झाल्यास काडतुसाचे पितळी कवच फाटून उष्ण वायू मागे येऊ शकतो. कमी झाल्यास बोल्ट बंद होत नाही. पारंपरिक पद्धतीत कुशल कारागीर नळी थोडीथोडी घासून हे अंतर जुळवत असे. सॅव्हेज ११० मध्ये नळी आट्यांवर फिरवून हवे ते अंतर मापकाने निश्चित केले जाते व नंतर नळीवरील एक मोठे नट आवळले जाते. त्यामुळे कुशल मजुरीचा मोठा खर्च वाचतो आणि अचूकतेला बाधा येत नाही.

नळीच्या बाबतीत हातोडा-घडाई ही पद्धत महत्त्वाची ठरली. सर्पिल खाचांचा उलटा आकार असलेल्या कठीण दांड्याभोवती नळीचे पोलाद यंत्राने ठोकले जाते आणि खाचा एकाच वेळी उमटतात. यंत्रसामग्री महाग असली तरी मोठ्या उत्पादनात प्रत्येक नळीचा खर्च कमी येतो.

अक्रोडाच्या लाकडाऐवजी साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा दस्ता वापरल्याने बरीच बचत होते. असा दस्ता ओलाव्याने फुगत वा वाकत नाही. तो फार लवचीक असल्यास मात्र टेका घेताना नळीला चिकटतो व नेम ढळतो. हा दोष टाळण्यासाठी रूगर अमेरिकनच्या दस्त्यात पोलादी ठोकळे बसवलेले असतात, त्यांवर रायफलीचा सांगाडा घट्ट बसतो. चकचकीत झिलई, धातूवरील कोरीव काम आणि उघडझाप होणारे धातूचे तळझाकण या गोष्टी स्वस्त रायफलींत वगळलेल्या असतात. त्यांच्या अभावाचा नेमावर परिणाम होत नाही.

चापाच्या दर्जाचा परिणाम मात्र थेट होतो. जड किंवा खरखरीत चाप ओढताना रायफल हलते. सॅव्हेजने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राहकाला स्वतः जुळवता येणारा सुरक्षित चाप आणला. त्यानंतर कमी किमतीच्या अनेक रायफलींतही असे चाप मिळू लागले.

आवश्यक अचूकता

रायफलीची अचूकता कोनाच्या मिनिटांत, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागात मोजतात. एक मिनिट म्हणजे १०० मीटर अंतरावर सुमारे २.९ सेंटिमीटर. दीड मिनिट अचूकतेच्या साध्या रायफलीच्या गोळ्या २०० मीटरवर सुमारे ८.७ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे हृदय व फुप्फुसे यांचा भाग साधारणपणे २० ते २५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजेच रायफलीची स्वतःची चूक या अंतरावर गोळी मर्मस्थानाबाहेर जाण्यास पुरेशी नसते. बहुतेक नेम शिकाऱ्याची स्थिती, श्वास, घाई किंवा अंतराचा चुकीचा अंदाज यांमुळे चुकतात. अर्धा मिनिट अचूकतेच्या महागड्या रायफलीने ही उणीव भरून निघत नाही.

काडतुसाची निवड

रायफल एकदाच घ्यावी लागते, काडतुसे मात्र दरवर्षी लागतात. म्हणून सर्वत्र मिळणारे काडतूस निवडणे किफायतशीर ठरते. १९०६ साली स्वीकारलेले .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि १९५२ मध्ये बाजारात आलेले .३०८ विंचेस्टर ही हरणापासून एल्कपर्यंतच्या शिकारीसाठी प्रचलित काडतुसे आहेत. १९५५ चे .२४३ विंचेस्टर हरणासाठी पुरेसे असून त्याचा धक्का .३०-०६ च्या सुमारे निम्मा असतो. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर हेही कमी धक्क्यामुळे लोकप्रिय झाले.

धक्क्याचा विचार स्वस्त रायफलीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा असतो. अशा रायफली अनेकदा वजनाने हलक्या असतात व तेच काडतूस हलक्या रायफलीत अधिक जोराचा धक्का देते. धक्क्याची भीती बसली की नवशिका चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो किंवा खांदा आखडतो. त्यामुळे शक्तिशाली काडतुसापेक्षा न बिचकता झाडता येणारे काडतूस अधिक मानवी ठरते.

एकूण खर्च

रायफलीची किंमत ही एकूण खर्चाचा केवळ एक भाग असते. दुर्बीण, ती बसवण्याची कडी, पट्टा, सुरक्षित कपाट किंवा कुलूप आणि सरावाची काडतुसे यांचा खर्च वेगळा असतो. काही उत्पादक दुर्बीण बसवलेली रायफल एकत्रित किमतीत विकतात. अशा संचातील दुर्बीण बहुधा सर्वांत कमकुवत भाग असते. धक्क्याने तिचा नेम सरकू शकतो किंवा थंडीत आतून धुके धरू शकते. तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची मध्यम दर्जाची दुर्बीण बहुतेक शिकारीला पुरते. त्यामुळे रायफलीवर वाचलेले पैसे दुर्बिणीवर आणि सरावावर खर्च करण्याची शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते.

वापरलेली रायफल

चांगली वापरलेली रायफल अनेकदा नव्या स्वस्त रायफलीपेक्षा टिकाऊ असते, कारण शिकारी रायफल वर्षातून मोजक्याच वेळा झाडली जाते. खरेदीपूर्वी नळीतील गंज, नळीच्या तोंडावरील खोच, दस्त्यातील भेग आणि सुरक्षा कळीचे काम तपासतात. बोल्ट त्याच रायफलीचा आहे की बदललेला, हेही पाहावे लागते. बदललेल्या बोल्टमुळे काडतुसामागील अंतर बिघडलेले असू शकते व ते बंदूक-कारागिराकडून मापकाने तपासून घेणे आवश्यक असते. चापातील दोषामुळे उत्पादकाने एखादे मॉडेल परत मागवले होते काय, हे अनुक्रमांकावरून कळते.

जुन्या लष्करी रायफलींत विशेष दक्षता लागते. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेल्या १९०३ मॉडेलच्या सुमारे ८,००,००० क्रमांकाच्या आतील नगांचे पोलाद सदोष उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ झालेले असू शकते. असे काही नग झाडताना फुटले होते. त्यामुळे ते संग्रहासाठी ठेवावेत, झाडू नयेत, असा संकेत आहे.

कायदे

अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घेण्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे व ग्राहकाची पार्श्वभूमी तपासली जाते. शिकारीचे परवाने, हंगाम आणि मान्य काडतुसे राज्यागणिक वेगळी असतात. मध्यपश्चिमेतील काही राज्यांनी दाट वस्तीच्या भागांत हरणाच्या शिकारीसाठी केवळ सरळ कवचाच्या काडतुसांना मुभा दिलेली आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरण्यास बंदी आहे. म्हणून खरेदीपूर्वी राज्याचे नियम पाहणे आवश्यक ठरते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरील ११ टक्के उत्पादन शुल्क वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना दिले जाते. त्यामुळे स्वस्त रायफलीच्या किमतीतही संवर्धनाचा वाटा समाविष्ट असतो.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. मनुष्याच्या जीविताला धोका निर्माण करणाऱ्या प्राण्याबाबतही सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय कारवाई करता येत नाही. बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. त्यामुळे छंदाच्या शिकारीसाठी रायफल खरेदी करण्याचा प्रश्न भारतात व्यवहारतः उद्भवत नाही. ब्रिटिश काळात .३०३ हे लष्करी काडतूस खासगी व्यक्तींना निषिद्ध असल्याने ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतुसावर आधारित .३१५ बोअरची रायफल प्रचारात आली. पश्चिम बंगालमधील इशापूर येथील सरकारी कारखान्यात तयार होणारी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल भारतीय परवानाधारकांमध्ये सर्वपरिचित आहे. ती मुख्यतः स्वसंरक्षणासाठी बाळगली जाते.